सासूबाईंचं पाणी

मीटरराव हे नाव त्यांना इमारतीनं दिलं, आणि त्यांनी ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं. कागद कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ते बॉयलरवर होते. कुठल्या सांध्यातून वाफ फुकट चाललीय हे त्यांना नुसतं कान लावून कळायचं. मग कारखाना बंद पडला. बरोबरचे लोक महिना-दोन महिने दारं ठोठावत फिरले, थकले, आणि घरी बसून बायकांशी भांडू लागले. मीटरराव भांडले नाहीत. त्यांनी घरालाच कारखाना मानलं.

आणि खरं बोलायचं तर माणूस चुकीचं काही सांगत नव्हता. संडासाच्या टाकीत त्यांनी निळा रंग टाकला, अर्ध्या तासानं खालच्या भांड्यात निळी रेघ उतरली. "बघ," ते बायकोला म्हणाले, "गेली सहा वर्षं ही टाकी गुपचूप गळतेय, आणि आपण बिल आलं की नशिबाला बोल लावतोय." फ्रिजच्या दारात कागद धरून त्यांनी ओढला, तो अलगद सुटला, तेव्हा त्यांनी दाराचं रबर बदललं. नळांना जाळ्या बसवल्या. गीझर सकाळी पंधरा मिनिटं चालायचा, त्यात दोघांनी पाठोपाठ उरकायचं. कपड्यांचं मशीन बुधवारी आणि रविवारी, तेही काठोकाठ भरलं तरच. त्याचं सांडपाणी बादल्यांत धरून संडासाला. चार महिन्यांत दोन्ही बिलं निम्म्यावर आली. इमारतीतले लोक आधी हसले आणि मग एकेक करून आपापली बिलं घेऊन त्यांच्या दाराशी आले.

त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवायची. इमारतीत तिला शिलाईताई म्हणत. तिच्या मशीनची मोटर काढून मीटररावांनी पायाचं पायडल जोडलं, तेव्हा तिनं दोन दिवस तोंड फुगवलं. पोटऱ्या भरून यायच्या. पण नोकरी गेल्यावर नवऱ्याचा पडलेला चेहरा तिनं पाहिला होता, आणि आता तोच माणूस शिट्टी वाजवत पाण्याचं मीटर वाचतो हेही ती पाहत होती. पोटऱ्या काय, सवयीनं होतील, असं म्हणून तिनं ते गिळलं.

रोज सकाळी चहाच्या वेळी ते आकडा सांगायचे. "काल दोनशे चाळीस." दोन माणसांचं, अख्ख्या दिवसाचं पाणी, लिटरमध्ये. आकडा कमी असला की चहा गोड लागायचा त्यांना.

अशा घरात शिलाईताईच्या सासूबाई आल्या.

त्या एकट्या राहायच्या, आपल्या जुन्या दोन खोल्यांत. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली बाई, हाडानं काटक. पण पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि डॉक्टरांनी एकटं राहायचं नाही असं बजावलं. मीटररावांनी आईला आणताना एका शब्दानं कुरकुर केली नाही. मधली खोली रिकामी केली, पलंगाला स्वतः कठडा ठोकला, वॉकरच्या पायांना रबर लावलं. शिलाईताईला त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत गेली, तर सासूबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या आणि चादरीचा ओला भाग त्यांनी हातानं गोळा करून मांडीखाली दडवला होता.

"उठायला गेले गं," त्या म्हणाल्या, "पण पाय माझं ऐकेपर्यंत..."

"असू दे, आई. त्यात काय."

"मी धुते. मला नुसती मोरीपर्यंत ने."

ज्या बाईनं तीस वर्षं दोनशे मुलींची भांडी लख्ख करून ठेवली तिला आपल्याच चादरीकडे बघवत नव्हतं. शिलाईताईनं चादर उचलली, गाऊन बदलला, गादीवर रबरी कापड घातलं. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. डायपर आणले, पण आठवड्यातच सासूबाईंच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले आणि कातडी सोलली. डायपर बंद झाले. मग चादरी, गाऊन, टॉवेल, पुन्हा चादरी. बुधवार-रविवारचा नियम कुठल्या कुठे वाहून गेला.

चहाच्या वेळी मीटरराव म्हणाले, "काल चारशे दहा."

ते आईला काही बोलले नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही. पण मधल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि ते कपाकडे बघत पुढे म्हणाले, "एवढं पाणी नक्की कुठे जातंय, हे शोधून काढावं लागेल."

"कुठे जातंय ते ठाऊक नाही का तुम्हाला?" शिलाईताई हळू आवाजात म्हणाली.

"अगं, मी कुणाला दोष देतोय का? मी आकडा सांगतोय."

त्याच दिवशी त्यांनी मोरीच्या पाइपावर आणखी एक छोटं मीटर बसवलं. आता घराचा आकडा वेगळा आणि धुण्याचा वेगळा. दोन्ही सकाळी मोठ्यानं वाचायचे. "एकूण तीनशे पंच्याण्णव. त्यातलं धुणं एकशे साठ." कधी कधी ते समजुतीच्या स्वरात उपाय सुचवायचे. चादर दिवसातून एकदाच बदलावी. मधल्या वेळी रबरी कापड ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तरी चालतं. गाऊन वाळवून पुन्हा घालता येतो, थोडाच ओला झाला असेल तर. यातलं काहीच ते रागावून म्हणाले नाहीत. रागावले असते तर शिलाईताई भांडली असती. पण शांतपणे लिटर सांगणाऱ्या माणसाशी भांडायचं कुठून, हे तिला कळेना.

शिवाय तिचेही हात सोलले होते. साबणानं बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, सुई धरली की टोचायची. शाळा उघडायला महिना राहिला होता आणि कापलेले गणवेश गठ्ठ्यानं पडून होते. मुलांच्या आया दारात येऊन विचारायच्या आणि ती परवाचा वायदा करायची. मनात एकदा, फक्त एकदा, तिला वाटून गेलं की ही बाई पडली तेव्हा... पुढचं तिनं मनातही पुरं केलं नाही.

मग चादरी कमी झाल्या.

आधी तिला वाटलं, सासूबाईंच्या पायात जोर आला असेल. सकाळी पलंग कोरडा. दुपारी जरासा ओला. तिनं दोन दिवसांत सात गणवेश उरकले. तिसऱ्या दिवशी उशाचा ग्लास भरायला गेली, तर तो भरलेलाच होता. सकाळी तिनंच ठेवला होता.

"आई, पाणी नाही प्यायलात?"

"तहान नव्हती गं."

बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा दोनवर, कारण त्यापुढे वीज जास्त आणि वारा तेवढाच, असं मीटररावांनी मोजून ठरवलं होतं. सासूबाईंचे ओठ पापुद्रे सुटल्यासारखे दिसत होते. शिलाईताई ग्लास हातात धरून क्षणभर उभी राहिली. तिला म्हणता आलं असतं, घ्या दोन घोट, माझ्यासमोर घ्या. तिला बाहेरच्या खोलीत पडलेले गणवेश दिसत होते. तिनं ग्लास उचलला, स्वयंपाकघरात गेली आणि पाणी पुन्हा जगमध्ये ओतलं. वाया कशाला घालवायचं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. ग्लास भरलेला जायचा आणि भरलेला यायचा.

चौथ्या सकाळी मीटरराव मीटर वाचून आले ते खूश होऊनच. आज चहा घेऊन ते आईच्या खोलीत गेले.

"आई, दोनशे ऐंशी! तू आल्यापासूनचा सगळ्यात कमी आकडा आहे हा."

सासूबाईंचा चेहरा उजळला. शिलाईताई दारात उभी होती, तिनं तो पाहिला. बक्षीस मिळालेल्या पोरीसारखा चेहरा होता तो.

"मी पण लावते ना रे हातभार," सासूबाई म्हणाल्या. जीभ कोरडी पडल्यामुळे शब्द टाळूला चिकटत होते. "नुसती बसून खाते असं नको व्हायला."

मीटरराव हसले, आईच्या खांद्यावर थोपटून निघून गेले. त्यांना काही कळलं नव्हतं. शिलाईताईला मात्र कळलं, अगदी पुरतं कळलं. तिनं जाऊन ग्लास पुढे केला. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्या किती येईल गं?"

त्या दिवशीही तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी गणवेशांचा गठ्ठा न्यायला शाळेतून माणूस आला, ते राहून गेलं.

रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मीटररावांचं भाषण होतं. शेजारच्या दोन इमारतींतूनही लोक येणार होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तक्ता गुंडाळून काखेत मारला, जाळ्या आणि वॉशर एका डब्यात घेतले आणि खाली गेले. अर्ध्या तासानं शिलाईताई सासूबाईंना चहा द्यायला गेली. त्या अर्धवट डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या.

"नळ बंद करा गं पोरींनो," त्या पुटपुटत होत्या. "सगळे नळ उघडे टाकलेत... बंद करा..."

"आई? आई, इकडे बघा."

बघणं राहिलं बाजूला, त्यांना हाक ऐकूच जात नव्हती. हात उचलून सोडला तर चादरीवर पडला. चामडी चिमटीत धरली तशी उभीच राहिली. शिलाईताई अनवाणी खाली धावली.

खोली खचाखच भरली होती. मीटरराव तक्त्यापाशी उभे राहून काठीनं खाली येणारी रेघ दाखवत होते. ती दारातून आत घुसली, त्यांनी तिला पाहिलं आणि बोलणं न थांबवता हाताचा पंजा दाखवला. पाच मिनिटं.

आणि ती थांबली.

हे तिनं पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. ओरडता आलं असतं. मागच्या रांगेतल्या कुणाच्याही दंडाला धरून वर नेता आलं असतं. पण पंचवीस वर्षं नवऱ्यानं पंजा दाखवला की ती थांबत आली होती, आणि पाय आपोआप थांबले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "घरात म्हातारं माणूस असूनसुद्धा," मीटरराव सांगत होते, "अंथरुणाला खिळलेलं माणूस असूनसुद्धा, आम्ही दोनशे सत्तरपर्यंत आलोय. सहकार्य लागतं फक्त. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, पण तिला हे पटलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं मागे वळून शिलाईताईकडे पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली.

इस्पितळात पोचायला आणखी पाऊण तास गेला.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. सलाईन लावून झाल्यावर ती दोघांकडे वळली. "दिवसाला किती पाणी पितात या?"

"आमच्याकडे दर डोई हिशेब धरला तर," मीटरराव लगेच म्हणाले, "साधारण नव्वद लिटर..."

"मी घराचं विचारत नाहीये. या किती पितात? तोंडानं?"

मीटररावांना ते ठाऊक नव्हतं. घरातल्या प्रत्येक नळाचा आकडा त्यांच्या जिभेवर होता, आणि हा नव्हता. ते बायकोकडे वळले.

"सहा-सात ग्लास," शिलाईताई म्हणाली.

डॉक्टरणीनं लिहून घेतलं. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिनं तोच कागद पुढे धरला. "सहा-सात ग्लास पिणाऱ्या माणसाचं रक्त असं नसतं, बाई. यांच्या पोटात कित्येक दिवस धड पाणी गेलेलं नाही. वयानं आणि रक्तदाबानं मूत्रपिंडं आधीच थकली होती, त्यात हे. खरं काय ते सांगा मला."



"अगं, तू आईला पाणी देत नव्हतीस?" मीटररावांनी विचारलं. ते ओरडले नाहीत. खरोखरच थक्क होऊन विचारलं. नर्सनं हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं, बाजूच्या खाटेवरच्या बाईनंही पाहिलं, आणि पुढचे नऊ दिवस त्या वॉर्डात तिला सगळ्यांनी त्याच नजरेनं पाहिलं.

तीन दिवसांनी सासूबाई शुद्धीवर आल्या. कुणी न विचारताच म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. ती ठेवायची. मीच घेत नव्हते. आकडा कमी व्हायला हवा होता ना तुला."

"मी तुला कधी म्हटलं पाणी पिऊ नकोस म्हणून?" मीटरराव म्हणाले. "एकदा तरी म्हटलं का? आठवून सांग."

सासूबाईंनी खरंच आठवून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग?"

मूत्रपिंडं पुन्हा सुरू झाली नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस ठरलं, आणि घरी सोडताना डॉक्टरणीनं शांतपणे, दोनदा समजावून सांगितलं. शरीरात गेलेलं पाणी आता बाहेर पडायला वाट उरलेली नाही. जास्त झालं तर ते फुप्फुसात साचेल, दम लागेल, जीव जाईल. म्हणून दिवसाला सातशे मिलिलिटर. त्यात चहा, सूप, औषधाबरोबरचा घोट, सगळं आलं.

मीटररावांच्या अंगात नवा जीव आला. इतक्या वर्षांत इतकं अचूक काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी एका बाटलीवर पट्ट्या चिकटवून रेघा मारल्या. सकाळी सातशे भरायचं आणि दिवसभर त्यातूनच द्यायचं. चहा दिला की तेवढं बाटलीतून काढून टाकायचं. रोज काट्यावर आईचं वजन. दोन-तीन आठवड्यांनी डायलिसिसच्या खोलीत डॉक्टरणीनं त्यांचे आकडे पाहिले आणि म्हणाली, "असं घर माझ्या प्रत्येक पेशंटला मिळायला हवं." मीटररावांनी मान खाली घातली, पण कान लाल झाले होते आनंदानं.

आता चादरी ओल्या होतच नव्हत्या. लघवीच होत नव्हती. मशीन पुन्हा बुधवारी आणि रविवारी. सकाळी ते म्हणायचे, "काल दोनशे पंचावन्न," आणि मधल्या खोलीतून पूर्वीसारखं कुणी उद्याचा आकडा विचारायचं नाही.

बाटली चारच्या सुमाराला संपायची. मीटरराव तेव्हा बहुधा बाहेर असायचे, कुणाच्या तरी घरातल्या गळत्या शोधत. सासूबाईंची जीभ चामड्यासारखी व्हायची. पहिले काही दिवस त्या लाजत मागायच्या, मग विनवायच्या.

"एक ग्लास दे गं. त्याला नाही सांगणार."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"अर्धा दे. अगं, भिकाऱ्यालाही देतो आपण."

एका दुपारी शिलाईताईला ते ऐकवेना. तिनं ग्लास भरून दिला, काठोकाठ. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून, मध्ये थांबून थांबून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलेलं बोटानं निपटून चाटलं. किती तरी दिवसांनी त्यांनी सुनेच्या गालावर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी दोन.

डायलिसिसच्या दिवशी काटा पुढे गेला होता. वाढलेलं पाणी काढायचं म्हणून मशीनवर जोर लावावा लागला, आणि तिसऱ्या तासाला सासूबाईंच्या पोटऱ्यांत गोळे आले. अशी किंचाळी त्या म्हातारीच्या गळ्यातून निघेल असं कुणाला वाटलं नसतं. शिलाईताई त्यांच्या पायांवर ओणवी होऊन पोटऱ्या दाबत राहिली. हाताखाली स्नायू दगडासारखे वळत होते. सासूबाईंनी ओठ चावून रक्त काढलं, पण पाणी कुणी दिलं हे सांगितलं नाही.

"कुठून वाढलं?" मीटरराव बाटलीच्या रेघा पुन्हा पुन्हा तपासत होते. "माझ्या मापात चूक नाही. तू दिलंस?"

"नाही," शिलाईताई म्हणाली.

डॉक्टरणीनं सातशेचं पाचशे केलं.

दुसऱ्या दिवशी बाटली अडीचलाच संपली. चार वाजता सासूबाईंनी हात पुढे केला. आता त्या बोलल्याही नाहीत, नुसता हात.

"नाही, आई. काल काय झालं पाहिलंत ना?"

"माझे पाय आहेत. दुखू देत."

"नाही देणार मी."

सासूबाईंनी हात मागे घेतला.  मग म्हणाल्या, "तेव्हा भरलेला ग्लास रोज परत नेत होतीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, प्या म्हणून. मी प्यायले असते."

  शिलाईताईनं कापूस ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं दार ओढून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसली. चौदा गणवेशांच्या बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. पायडलचा खडखडाट चांगला मोठा होता. सगळ्या बाह्या लागल्या तेव्हाच ती उठली.

सासूबाई त्यानंतर अडीच महिने जगल्या. पाणी मागणं त्यांनी त्या दुपारीच सोडलं. मीटरराव डॉक्टरणीला म्हणाले, सवय लागायला वेळ लागतो, पण आईला ती लागलीय.